तीन फिन, एक के-मोटर: गॅरेजमधल्या प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२४

काल गणपती बसले, आज दीड दिवसाचं विसर्जन झालं. पाहुणे गेले, घर शांत झालं, आणि मी गॅरेजमध्ये जाऊन मे महिन्यापासून बांधून ठेवलेलं खोकं उघडलं. चार महिने ते उघडावंसं वाटलं नव्हतं.

आत माझं आधीचं रॉकेट आहे. ल्यूसर्न ड्राय लेक म्हणजे मोहावी वाळवंटातलं एक कोरडं तळं. दक्षिण कॅलिफोर्नियातले हौशी रॉकेटवाले तिथे जमतात. तिथेच हे रॉकेट जे-मोटरवर लेव्हल २ च्या प्रमाणपत्रासाठी उडवलं होतं. ज्यांना ही भाषा नवी आहे त्यांच्यासाठी: मोटरचं अक्षर एकूण आवेग सांगतं आणि दर अक्षराला तो दुप्पट होतो. एच आणि आय लेव्हल १ मध्ये येतात. जे, के, एल लेव्हल २ मध्ये. जे म्हणजे ६४० ते १२८० न्यूटन-सेकंद, के म्हणजे १२८० ते २५६०. प्रमाणपत्र मिळायचं तर रॉकेट वर जाऊन भागत नाही. ते खाली येऊन, हातात घेऊन, परत उडवता येईल अशा अवस्थेत दाखवावं लागतं.

माझं आलं ते तीन तुकड्यांत. रॉकेट सरळ वर गेलं, मग भुंगा गुणगुणावा तसा एक आवाज आला, आणि पुढच्या क्षणी ते स्वतःभोवती गिरक्या घेत आडवं झालं. पॅराशूट भलत्याच वेगात बाहेर पडलं, दोरीने पुठ्ठ्याची नळी वरून खाली हातभर चिरत नेली. याला झिपर म्हणतात. चेन उघडावी तशीच ती फाटते.

आज तुकडे टेबलावर मांडले. एक फिन (शेपटीकडचा पंख) मुळातून गेली आहे, दुसरीला उभी चीर आहे, तिसरी शाबूत. मी इतके दिवस समजत होतो की इपॉक्सीने दगा दिला. भिंगातून पाहिलं तर इपॉक्सी जागच्या जागी आहे, आणि तिला प्लायवूडचा वरचा थर चिकटून राहिलाय. गोंद सुटला नव्हता. लाकूड सोललं गेलं होतं.

१५ सप्टेंबर

तो भुंग्याचा आवाज म्हणजे फ्लटर. आज दिवसभर त्याचं गणित केलं.

फिन एकाच वेळी दोन तऱ्हांनी हलू शकते: टोक वरखाली वाकतं, आणि पूर्ण पातं पिळलं जातं. कमी वेगात हवा या दोन्ही हालचाली शमवते. एका ठरावीक वेगापुढे दोन्हींचा ताल जुळतो, आणि मग हवा शमवण्याऐवजी दर हेलकाव्याला थोडी ऊर्जा देऊ लागते. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो कसा चढत जातो, तसं. फरक एवढाच की इथे सेकंदाला कितीतरी हेलकावे असतात, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत फिन गेलेली असते.

नासाच्या आधीची संस्था नाका. तिने १९५८ साली क्षेपणास्त्रांच्या पंखांच्या फ्लटरवर एक तांत्रिक टिपण काढलं होतं. हौशी मंडळी आजही त्यातलंच सूत्र वापरतात. त्यात चार गोष्टी महत्त्वाच्या: पदार्थाची पिळाला असलेली ताठरता (शिअर मॉड्युलस), फिनची जाडी भागिले मुळाची लांबी, फिनचा उभारीचा प्रमाणांक (उभारी, म्हणजे फिन नळीपासून किती बाहेर येते, तिचा वर्ग भागिले फिनचं क्षेत्रफळ), आणि त्या उंचीवरचा हवेचा दाब.

माझ्या जुन्या फिनची मापं: मूळ २० सेंमी, टोक ८ सेंमी, उभारी ९ सेंमी, जाडी ३.२ मिमी, बर्च प्लायवूड. प्लायसाठी शिअर मॉड्युलस ०.६२ गिगापास्कल धरला. उत्तर आलं सेकंदाला १३३ मीटर. मी ते रॉकेट २०० मीटरच्या वेगाने न्यायला निघालो होतो.

हा आकडा पाहून बराच वेळ बसून राहिलो. हे गणित उड्डाणाआधी अर्ध्या तासात झालं असतं. मी तेव्हा मोटर माउंटवर, म्हणजे मोटर धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर, तीन आठवडे घालवले होते, रिंगा दुहेरी केल्या होत्या, कारण मला भीती मोटरच्या धक्क्याची होती. फिन 'प्लायची आहे, दणकट आहे' म्हणून सोडून दिली होती.

तोच आकार जी-१० ग्लास फायबरमध्ये, म्हणजे शिअर मॉड्युलस ४.१ गिगापास्कल धरून: ३४४ मीटर. जाडी ४.८ मिमी केली तर ६३० च्या वर, कारण वेग जाडीच्या दीडाव्या घाताने वाढतो. पण तीन फिनमध्ये मिळून सव्वाशे ग्रॅम जास्तीचं वजन शेपटीत जाईल, गुरुत्वमध्य मागे सरकेल, मग नाकात शिसं भरावं लागेल. म्हणून जाडी ३.२ च ठेवून उभारी एक सेंटिमीटरने कमी करून पाहिली, ९ ऐवजी ८. उत्तर: ४०४ मीटर. एका सेंटिमीटरने ६० मीटरचा फरक! स्थिरता २.३ कॅलिबरवरून (कॅलिबर म्हणजे नळीचा एक व्यास) १.९ वर येते. ती मला चालते.

नव्या रॉकेटचा अपेक्षित कमाल वेग २५० मीटर आहे. म्हणजे १.६ पट सवलत. सूत्र ढोबळ आहे, तेव्हा एवढी हवीच.

२८ सप्टेंबर

नव्या रॉकेटचा आराखडा पक्का केला. ओपनरॉकेट या मोफत संगणक प्रणालीत मांडलाय; साम्पो निस्कानेन या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ती २००९ साली पदव्युत्तर प्रबंधासाठी लिहिली, आणि आज जगभर आमच्यासारख्यांचं काम तिच्यावर चालतं.

ग्लास फायबरची ३ इंची नळी, लांबी साधारण दोन मीटर. ५४ मिमी के-मोटर, एकूण आवेग १५०० न्यूटन-सेकंदांच्या आसपास, सरासरी बल ५५०, सुरुवातीचा जोर ८५० न्यूटन. उडतानाचं वजन साडेपाच किलो. अंदाजे उंची २२०० मीटर.

मोटरमधलं इंधन म्हणजे अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि त्यांना धरून ठेवणारं एचटीपीबी नावाचं रबर. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात जळतं तेही याच कुळातलं. थुंब्याला घन इंधनाचं काम उभं करणारे आणि पुढे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झालेले वसंत गोवारीकर आपल्या पुण्याचे, ही गोष्ट मी मुलीला सांगितली. तिने लगेच विचारलं, "मग बाबा, आपण हे कोल्हापुरात का नाही उडवत?" उत्तर लांबलचक आहे. इथे अमेरिकेतही २००९ पर्यंत हे इंधन स्फोटकांच्या सरकारी यादीत होतं. हौशी संघटनांनी कोर्टात जाऊन ते यादीतून काढायला लावलं. प्रमाणपत्रं, अंतरं, हवाई हद्दीची परवानगी ही सगळी शिस्त मात्र आधीपासूनची, आणि त्या शिस्तीवरच हा छंद उभा आहे.

आज एक काम मुद्दाम कागदावर केलं. प्रत्येक बल कुठून येतं, कुठल्या जोडातून जातं आणि कुठे संपतं, याची रेघ ओढली.

मोटरचा धक्का: ८५० न्यूटन. मोटरच्या मागच्या कडेपासून मोटर ट्यूब, तिथून तिला नळीच्या मधोमध धरणाऱ्या तीन सेंटरिंग रिंगा, तिथून बाहेरची नळी. नळीच्या काचेवर दाब येतो चौरस मिलिमीटरला जेमतेम अडीच न्यूटन. हे तिला काहीच नाही. रिंगेचा जोड: इपॉक्सीची ताकद अगदी हात राखून १० मेगापास्कल धरली तरी एकटी रिंग साडेपाच हजार न्यूटन पेलते. तीन रिंगा आहेत.

मुख्य पॅराशूट उघडताना: दीड मीटर व्यासाची छत्री, रॉकेट ड्रोगवर, म्हणजे आधी उघडणाऱ्या छोट्या छत्रीवर, सेकंदाला २५ मीटरने खाली येतंय. छत्री एका क्षणात पूर्ण उघडली असं धरलं तर ओढ येते साधारण ८७० न्यूटन. म्हणजे मोटर जितक्या जोराने ढकलते तितक्याच जोराने छत्री ओढणार, आणि ही ओढ तीन रिंगांवर वाटली जात नाही. ती एका बोल्टमधून जाते. ड्रोग उघडलाच नाही आणि वेग ५० झाला, तर हीच ओढ चौपट.

माझ्या जुन्या रॉकेटमध्ये त्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला, तार वाकवून केलेला आय-बोल्ट होता.

१२ ऑक्टोबर

दसरा. कोल्हापुरात आबा ज्या फौंड्रीत होते तिथे आज सगळ्या यंत्रांना झेंडूची माळ असायची, भट्टीलाही. इथे गॅरेजमध्ये जिगसॉ, ड्रिल प्रेस आणि इपॉक्सीचा वजनकाटा ओळीत मांडून हळदकुंकू वाहिलं. मुलीने तिन्ही फिनच्या जी-१० पत्र्यावर बोटाने एकेक टिकली लावली. ती पुसली नाही. कापताना भुशाबरोबर जाईल.

आज कापलं नाही. फक्त नळीच्या खाचा आखल्या.

१९ ऑक्टोबर

फिन कापल्या. तिन्ही एकत्र शिकंजात धरून कडा घासल्या, म्हणजे तिन्ही सारख्या. जी-१० चा भुसा वाईट असतो: बारीक काच. अंगणात, मास्क लावून, ओल्या कागदाने घासायचं. लांब बाह्यांचा शर्ट घातला होता तरी मनगटं रात्रभर चुरचुरली. पुढच्या वेळी हातमोज्यावर टेप.

मुळाचा भाग दोन्ही बाजूंनी ८० नंबरच्या कागदाने घासून खरखरीत केला. नवी जी-१० काचेसारखी गुळगुळीत असते, तिच्यावर इपॉक्सी बसते पण धरत नाही. घासल्यावर अल्कोहोलने पुसलं आणि पुसल्यानंतर त्या भागाला बोट लावलं नाही. बोटाचं तेलही जोड कमजोर करतं.

२६ ऑक्टोबर

मोटर माउंट बसवलं. पुढची आणि मधली रिंग इपॉक्सीत. मागची रिंग अजून सुटी ठेवली आहे, कारण फिनची शेपूट नळीच्या खाचेतून आत जाऊन थेट मोटर ट्यूबला टेकते, आणि तिथे आतून इपॉक्सीची कड भरायची तर मागून बघता आलं पाहिजे.

संध्याकाळी आबांचा फोन. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं साचे बघण्यात गेली. मी व्हिडिओवर फिन दाखवली.

"आणि हा कोपरा असाच ठेवणार हैस?"

"नाही आबा, तिथं इपॉक्सीचा फिलेट येणार."

"केवढा?"

"पाच-सहा मिलिमीटर त्रिज्येचा."

"वाढीव. कास्टिंगमधी आतला कोपरा धारदार राहिला की तडा तिथनंच जातोय. आमी पॅटर्नलाच गोलाई द्यायचो. पोरगा नवा असला की म्हणायचा, मटेरियल वाया जातंय. तडा गेलेला पीस परत भट्टीत टाकायला लागला की कळायचं."

"वजन वाढतं पण, आबा."

"मग दुसरीकडचं काढ. कोपऱ्यातलं काढू नको."

फोन ठेवल्यावर जुन्या रॉकेटच्या मुळाशी कॅलिपर लावला. माझा तेव्हाचा फिलेट जेमतेम तीन मिलिमीटरचा होता, आणि कडेला धारदार संपत होता. लाकूड सोललं गेलं ते नेमकं त्या धारेपासून. आबांना हे मी सांगितलं नव्हतं.

३ नोव्हेंबर

दिवाळीचे चार दिवस हात लावला नाही. आज भाऊबीज, बहिणीशी पुण्याला बोलणं झालं आणि दुपारी कामाला बसलो.

बाहेरचे फिलेट. इपॉक्सीत सिलिकाची पूड कालवून श्रीखंडाइतकी घट्ट केली. पातळ असली तर ओघळते. १० मिमी त्रिज्येसाठी २० मिमी व्यासाची नळी अल्कोहोलमध्ये बुडवून एकाच दमात ओढली. दोन फिनच्या मधली दरी आकाशाकडे करून, एका वेळी एकच दरी. एक भरली की सहा तास थांबायचं, मग रॉकेट फिरवायचं. तिन्ही व्हायला दोन दिवस लागतात. घाई केली की इपॉक्सी खाली बसते आणि एका बाजूचा फिलेट उपाशी राहतो.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण मला ती उशिरा कळली: साधी इपॉक्सी ६० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. मोटर ट्यूबच्या मागच्या टोकाला, जिथे मोटर धरून ठेवणारी ॲल्युमिनियमची कडी चिकटवायची असते, तिथे जळून गेल्यावरची उष्णता पोचते. तिथे उष्णता सोसणारी, धातूची भुकटी घातलेली इपॉक्सी वापरली.

१६ नोव्हेंबर

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात कामाचा.

गॅरेजच्या तुळईला साखळी अडकवली. बल्कहेडचे, म्हणजे आय-बोल्ट बसतो त्या आडव्या तबकडीचे, दोन नमुने केले होते, रॉकेटमध्ये जाणार त्यासारखेच. पहिल्यावर जुन्याच प्रकारचा वाकवलेला आय-बोल्ट, दुसऱ्यावर घडीव, तोंड बंद असलेला, त्याच जाडीचा. खाली बादली, बादलीत पाणी, आणि पाणी पुरेना म्हणून वाळूच्या पिशव्या.

पहिला: ५० किलोपर्यंत काही नाही. ६० ला डोळ्याचं तोंड उघडायला लागलं. ७० ला साखळीची कडी निसटून बादली खाली आली आणि गॅरेजभर पाणी. बल्कहेडला ओरखडा नाही, बोल्टच उमलला होता. ७० किलो म्हणजे ६९० न्यूटन. मेमध्ये तो बोल्ट टिकला तो नळी आधी फाटली म्हणून.

दुसरा: ९० किलो, म्हणजे ८८० न्यूटन, दहा मिनिटं. हलला नाही. मग मुलीला लांब उभं करून मी स्वतः साखळीला लटकून दोनदा झोका दिला. तरीही नाही.

त्यानंतर फिनची परीक्षा. रॉकेट आडवं बांधून फिनच्या टोकाला ५ किलोची बादली. गणित असं: रॉकेट कमाल वेगात असताना वाऱ्याच्या झोताने चार अंश तिरकं झालं, तर एका फिनवर ७० न्यूटनच्या आत बल येतं, तेही साधारण मध्यावर. त्यापेक्षा टोकाला ५ किलो टांगणं मुळासाठी जास्त कठीण आहे. टोक किंचित झुकलं, बादली काढल्यावर जागेवर आलं. फिलेटवर भिंग फिरवलं, तिन्ही स्वच्छ.

३० नोव्हेंबर

कपलर, म्हणजे दोन नळ्या जोडणारी आतली नळी, आणि एव्ही-बे, म्हणजे अल्टिमीटर (उंची मोजून छत्र्या सोडणारं यंत्र) आणि बॅटरीचा डबा. कपलर दोन्ही बाजूंना नळीच्या व्यासाइतका तरी आत गेला पाहिजे. माझा ८ सेंमी जातो. ढिला होता, म्हणून एका बाजूला मास्किंग टेपचा एक फेरा. रॉकेट दोन टोकांना धरून हलवलं की सांध्यात वाकता कामा नये. वेगात तोच वाक वाढत जाऊन नळी मोडते.

डब्याच्या दोन्ही झाकणांमधून आरपार दोन ६ मिमी स्टीलचे आटेदार गज घातले आहेत. पॅराशूटची ओढ एका झाकणावरून गजांत आणि गजांतून दुसऱ्या झाकणावर जाते. गोंदाला त्यात काही कामच ठेवलेलं नाही.

बॅटरी उलटी, म्हणजे टोकं खाली करून बसवली. उडताना १५ पट गुरुत्वाचा दाब येतो. टोकं वर असतील तर बॅटरी जोडणीपासून सुटू पाहते, खाली असतील तर जोडणीवर दाबली जाते. वरून दोन झिप टाय. अल्टिमीटर दोन, प्रत्येकाची बॅटरी वेगळी, बटण वेगळं, छत्री बाहेर फेकणारा ब्लॅक पावडरचा बार वेगळा.

१४ डिसेंबर

पहाटे चारला निघून कहोन घाट चढून ल्यूसर्नला. उड्डाण नाही; फक्त जमिनीवर बार उडवून बघायचे. घराच्या अंगणात ब्लॅक पावडर पेटवायची नाही हा माझा नियम.

पुढचा भाग तीन नायलॉनच्या शिअर पिननी (ठरावीक जोराला तुटणाऱ्या खिळ्यांनी) धरलेला आहे, नाहीतर ड्रोगच्या झटक्यानेच मुख्य छत्री २००० मीटरवर बाहेर येईल आणि रॉकेट वाळवंटात कुठल्याकुठे वाहून जाईल. गणिताने ०.८ ग्रॅम पावडर सांगितली. ०.८ ग्रॅमला 'फट्' झालं, नोजकोन दोन सेंटिमीटर सरकून अडकला. १.० ग्रॅमला सुटला पण छत्री आतच राहिली. १.३ ग्रॅमला छत्री, दोरी, सगळं पुरतं बाहेर. दुसऱ्या अल्टिमीटरला १.५ ठेवणार: पहिल्याने काम केलं नाही तर दुसऱ्याने करायलाच हवं.

दोरी ६ मीटर लांब, केव्हलारची. केव्हलार ताणत नाही, म्हणून झटका जसाच्या तसा बोल्टवर येतो. तो मारायला दोरीच्या घड्या घालून प्रत्येक घडीवर मास्किंग टेपची पट्टी. ओढ आली की पट्ट्या एकेक करून फाटतात आणि दर पट्टीला थोडा वेग खातात.

शेजारच्या टेबलावर एक वयस्कर सदस्य होते, तीस वर्षं उडवणारे. त्यांनी माझं रॉकेट हातात घेऊन, फिनच्या टोकाला टिचकी मारून, नुसता आवाज ऐकला. मग म्हणाले, हे वर मोडणार नाही, खाली उतरताना कोपरा जपा. मी टोकाचा मागचा कोपरा तिरका कापून घ्यायचं ठरवलं.

११ जानेवारी २०२५

आज जायचं होतं. गेलो नाही. मंगळवारपासून सांता आना वारे सुटलेत, लॉस एंजेलिसच्या दोन टोकांना अख्ख्या वस्त्या जळतायत, आणि आमच्या अंगणातही सकाळी राख होती. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचं घर गेलं. मुलीचे जुने कपडे आणि पांघरुणं घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. रॉकेट कापडात गुंडाळून ठेवलंय.

८ फेब्रुवारी

ल्यूसर्न. सकाळी थंडी, वारा सेकंदाला तीन मीटर, आकाश मोकळं.

सुरक्षा अधिकाऱ्याने फिन एकेक करून हलवली, मोटरची कडी पाहिली, गुरुत्वमध्याची खूण पाहिली, आय-बोल्टमध्ये बोट घालून ओढलं. प्रमाणपत्राच्या साक्षीदाराने कागद भरला. रेलवर चढवलं, उभं केलं, बटणं एकामागून एक फिरवली. पहिल्या अल्टिमीटरने तीन टिट् दिले, दुसऱ्यानेही तीन. इग्नायटर सगळ्यात शेवटी. के-मोटरसाठी किमान अंतर दोनशे फूट. आम्ही त्याच्याही मागे उभे होतो. मुलीने माझ्या जॅकेटची बाही धरली होती.

पाच-चार-तीन मला ऐकू आलं नाही. एकदम पांढरी ज्योत आणि मग आवाज, आणि रॉकेट रेलवरून गेलेलंसुद्धा होतं. मी ज्योतीकडे पाहत नव्हतो, कान देऊन ऐकत होतो. भुंगा नाही. ज्योत विझली, धुराची रेघ सरळ वर, आणि त्या रेघेच्या टोकावर काहीच दिसेना. अठरा सेकंद. मुलगी मोजत होती.

मग वर पांढऱ्या धुराचा एक ठिपका. ड्रोग. दोन तुकडे उन्हात चकाकत खाली येऊ लागले. २१० मीटरवर दुसरा बार, आणि केशरी छत्री उघडली तो आवाज जमिनीवर ऐकू आला, चादर झटकावी तसा.

साधारण साडेचारशे मीटर चालत गेलो. रॉकेट चिखल वाळून झालेल्या पापुद्र्यावर आडवं पडलं होतं. मुलगी पुढे पळाली, पण हात न लावता थांबली, कारण आधी फोटो काढायचा असतो. तीन फिन. तिन्ही जागेवर.

साक्षीदाराने रॉकेट उचलून फिरवून पाहिलं आणि सही केली.

९ फेब्रुवारी

नोंदी उतरवल्या. उंची २११० मीटर. कमाल वेग २४३ मीटर. कमाल त्वरण १४.६ जी, म्हणजे गुरुत्वाच्या १४.६ पट. ड्रोगवर उतरण्याचा वेग २६, मुख्य छत्रीवर ५.८.

मुख्य छत्री उघडतानाचा झटका ११ जी दिसतो. अख्ख्या रॉकेटवर लावला तर सुमारे ५०० न्यूटन. तेव्हा तीन तुकडे दोरीने लोंबत होते आणि हे माप एकाच तुकड्यावरचं आहे, म्हणून ते ढोबळच धरतो. तरी ८७० च्या खाली आलं: छत्री क्षणात उघडत नाही, भरत जाते. फाटलेल्या टेपच्या पट्ट्या मोजल्या. ड्रोगच्या दोरीवर नऊपैकी सात फाटल्या, मुख्य दोरीवर सर्व नऊ. मुख्य दोरीला पुढच्या वेळी बारा.

मग सगळं सुटं करून धुतलं आणि दिव्याखाली धरलं. आय-बोल्टचं तोंड बंद. कपलरच्या टेपवर एका बाजूला घासल्याची खूण, म्हणजे तिथे थोडं हललं होतं. अजून अर्धा फेरा लावीन. दोन नंबरच्या फिनच्या मागच्या कोपऱ्याचा टवका गेलाय, उतरतानाचा, डाळीएवढा. आणि त्याच फिनच्या फिलेटच्या कडेला केसाएवढी एक रेघ दिसली. बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. ४०० नंबरच्या कागदाने हळूहळू रंग घासत गेलो. रेघ रंगाबरोबर निघून गेली, खाली इपॉक्सी पहिल्यासारखी.

रात्री आबांना फोन केला. उंची सांगितली, वेग सांगितला. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आणि कोपरा?"

"शाबूत आहे, आबा."

"कॅमेरा जवळ आण, बघू."